रेषा आधी, ताबा नंतर : जॉर्जियाच्या काउंट्यांची घडण

अमेरिकेच्या आग्नेय भागातील जॉर्जिया या राज्यात आज १५९ काउंट्या आहेत. यापेक्षा अधिक, म्हणजे २५४ काउंट्या फक्त टेक्सासमध्ये आहेत, पण टेक्सासचे क्षेत्रफळ जॉर्जियाच्या साडेचार पट आहे. काउंटी म्हणजे राज्य सरकारच्या लगेच खालची प्रशासकीय पातळी. न्यायालय आणि तुरुंग चालवणे, जमिनीचे दस्त नोंदवणे, मालमत्ता कर गोळा करणे, निवडणुका पार पाडणे ही तिची मूळ कामे. जॉर्जियात शेरीफ, मृत्युपत्रे व वारसा पाहणारा न्यायाधीश, वरिष्ठ न्यायालयाचा लिपिक आणि कर आयुक्त हे अधिकारी कोणी वरून नेमत नाही. काउंटीचे मतदार त्यांना थेट निवडून देतात. सरासरी हजार चौरस किलोमीटरही न भरणारी ही काउंटी आकाराने तालुक्याएवढी असली, तरी सत्तेच्या दृष्टीने ती एक छोटे संस्थानच असते.

इतक्या काउंट्या का, या प्रश्नाला जॉर्जियात पिढ्यान्‌पिढ्या एकच उत्तर दिले जाते. खेचराच्या गाडीतून निघालेल्या शेतकऱ्याला काउंटीच्या मुख्य गावी जाऊन, कचेरीतले काम उरकून, सूर्यास्तापूर्वी घरी परतता यावे, एवढ्याच हिशेबाने काउंट्या आखल्या गेल्या, असे हे उत्तर आहे. त्यात तथ्य नाही असे म्हणता येणार नाही, कारण चिखलाच्या रस्त्यांच्या आणि पूल नसलेल्या नद्यांच्या काळात न्यायालयाचे अंतर ही खरोखरच मोठी अडचण होती आणि नव्या काउंटीच्या मागणीत ती अडचण मांडली जाई. मात्र अंतर हेच खरे कारण असते, तर आगगाडी आल्यावर काउंट्यांची वाढ मंदावायला हवी होती. प्रत्यक्षात उलट घडले. लोहमार्ग पसरत असताना, १८५० च्या दशकात, तिसांहून अधिक काउंट्या निर्माण झाल्या, १९०५ या एकाच वर्षी आठ झाल्या, आणि शेवटची पीच काउंटी १९२४ मध्ये, मोटारी सर्रास धावू लागल्यावर, अस्तित्वात आली. खेचराच्या गाडीची कथा म्हणूनच अपुरी आहे, आणि तिच्या साधेपणामागे दोन गोष्टी झाकल्या जातात : काउंटीची रेषा आधी दुसऱ्याची जमीन आपली ठरवण्यासाठी वापरली गेली आणि नंतर मतांचे वजन ठरवण्यासाठी.

जॉर्जियाची वसाहत १७३३ मध्ये स्थापन झाली. १७५८ मध्ये तिचे आठ ‘पॅरिश’ करण्यात आले. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या आधिपत्याखालील मुलूख, ज्याच्याकडे धार्मिक कामांबरोबर काही नागरी कामेही सोपवलेली असत. स्वातंत्र्ययुद्ध सुरू झाल्यावर १७७७ च्या राज्यघटनेने पॅरिश मोडून पहिल्या आठ काउंट्या निर्माण केल्या. त्यांपैकी सात काउंट्यांना वसाहतींची बाजू घेणाऱ्या ब्रिटिश पुरुषांची नावे मिळाली. एडमंड बर्क आणि जॉन विल्क्स हे त्यांतले दोन. आठवीचे नाव लिबर्टी. विल्क्स काउंटी १७७३ मध्ये क्रीक आणि चेरोकी या मूलनिवासी लोकांकडून घेतलेल्या जमिनीवर उभी राहिली होती, आणि तिचा विस्तार एवढा मोठा होता की पुढे तिच्यातून एल्बर्ट, ओगलथॉर्प, लिंकन अशा अनेक काउंट्या काढल्या गेल्या.

काउंटी जाहीर करणे म्हणजे मालकी जाहीर करणे, ही समजूत किती लवकर रुजली होती याचा पुरावा १७८५ मध्ये मिळतो. त्या वर्षी जॉर्जियाच्या विधिमंडळाने मिसिसिपी नदीकाठी, नॅचेझच्या परिसरात, बर्बन नावाची काउंटी निर्माण केली. हा प्रदेश जॉर्जियाच्या वसतीपासून शेकडो मैल दूर होता, मधला मुलूख मूलनिवासी राष्ट्रांचा होता आणि नॅचेझवर प्रत्यक्ष ताबा स्पेनचा होता. तीन वर्षांतच हा कायदा रद्द करावा लागला, कारण स्पेनसारख्या सत्तेपुढे कागदावरची काउंटी टिकणे शक्य नव्हते. दुबळ्या शेजाऱ्याच्या बाबतीत मात्र तीच युक्ती यशस्वी होणार होती.

१८०२ मध्ये जॉर्जियाने आपला पश्चिमेकडील दावा संघराज्याला दिला आणि त्याच्या बदल्यात, उरलेल्या हद्दीतील मूलनिवासींचा जमिनीवरील हक्क संपवण्याचे आश्वासन संघराज्याकडून मिळवले. त्यानंतरच्या पंचवीस वर्षांत क्रीक लोकांशी एकामागून एक करार झाले आणि प्रत्येक करारामागोमाग काउंट्यांची नवी तुकडी नकाशावर आली : १८२१ च्या करारानंतर डूली, फेएट, हेन्री, ह्यूस्टन आणि मनरो, तर १८२५ व १८२६ च्या करारांनंतर कॅरल, कोवेटा, ली, मस्कोगी आणि ट्रूप. १८२५ चा करार करणारा क्रीक सरदार विल्यम मॅकिंटॉश याने राष्ट्राच्या संमतीशिवाय जमीन दिली, म्हणून क्रीक परिषदेने त्याला मृत्युदंड दिला. तरीही जमीन परत मिळाली नाही.

या जमिनीचे वाटप सोडतीने होत असे, आणि काउंट्यांची घडण समजण्यासाठी ही पद्धत नीट पाहणे आवश्यक आहे. आधी काउंटीची हद्द ठरे, मग भूमापक तिचे विभाग आणि विभागांचे सारखे तुकडे पाडत, आणि त्यानंतर राज्याची राजधानी असलेल्या मिलेजव्हिल येथे एका पिंपातून नावाची आणि दुसऱ्यातून तुकड्याची चिठ्ठी काढली जाई. अनेक सोडतींत एक तुकडा २०२.५ एकरांचा होता आणि त्यासाठी अगदी किरकोळ शुल्क भरावे लागे. १८०५ ते १८३३ या काळात अशा आठ सोडती झाल्या आणि राज्याच्या सुमारे तीन चतुर्थांश जमिनीचे वाटप त्यांतून झाले. सोडतीची बाजू घेणारे सांगतात की तिच्यामुळे जमीन मूठभर सट्टेबाजांच्या हाती न जाता सामान्य कुटुंबांना मिळाली, आणि आधीच्या दशकांतील जमीनघोटाळे पाहता हे म्हणणे पूर्णपणे खोटे ठरत नाही. पण नाव घालण्याचा हक्क ठरावीक वर्षे राज्यात राहिलेले गोरे पुरुष, विधवा आणि अनाथ मुले यांनाच होता. ज्यांची ती जमीन होती ते मूलनिवासी आणि ज्यांच्या श्रमावर तिथला कापूस पिकणार होता ते गुलाम या दोघांनाही त्या समतेत स्थान नव्हते.

सर्वांत उघड अन्याय चेरोकी राष्ट्राच्या वाट्याला आला. जॉर्जियाच्या वायव्येस असलेल्या या राष्ट्राची लिखित राज्यघटना होती, न्यू एकोटा ही राजधानी होती आणि १८२८ पासून तेथून स्वतःच्या लिपीत व इंग्रजीत वृत्तपत्रही निघत होते. त्याच वर्षी जॉर्जियाने कायदा करून चेरोकी प्रदेश कॅरल, डीकाल्ब, ग्विनेट, हॉल आणि हॅबरशॅम या लगतच्या पाच काउंट्यांना जोडला आणि १ जून १८३० पासून तेथे राज्याचे कायदे लागू होतील असे ठरवले. एका सार्वभौम समाजावर सैन्य न पाठवता केवळ काउंटी न्यायालयाची हद्द वाढवून राज्य करण्याचा हा मार्ग होता. चेरोकी भूमीत घडलेल्या खुनाबद्दल जॉर्ज टॅसल या चेरोकी पुरुषावर हॉल काउंटीत खटला चालला आणि अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने राज्याला पाचारण केलेले असतानाही २४ डिसेंबर १८३० रोजी त्याला फाशी देण्यात आली. परवान्याशिवाय चेरोकी प्रदेशात राहिल्याच्या आरोपावरून सॅम्युएल वुस्टर या धर्मप्रचारकाला ग्विनेट काउंटीच्या न्यायालयाने चार वर्षांची सक्तमजुरी दिली. मार्च १८३२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चेरोकी भूमीत जॉर्जियाचे कायदे चालू शकत नाहीत असा निर्णय दिला, तरीही वुस्टरला पुढच्या वर्षीच्या जानेवारीपर्यंत तुरुंगातच राहावे लागले.

या निर्णयाने नकाशाचे काम थांबले नाही. डिसेंबर १८३१ मध्ये साऱ्या चेरोकी प्रदेशाची एकच काउंटी करण्यात आली होती, आणि वर्षभराने, म्हणजे न्यायालयाच्या निर्णयानंतर नऊ महिन्यांनी, तिची दहा काउंट्यांत विभागणी झाली : कॅस, चेरोकी, कॉब, फ्लॉइड, फोर्साइथ, गिल्मर, लम्पकिन, मरी, पॉल्डिंग आणि युनियन. डोंगराळ भागात सोने सापडल्यामुळे तेथील जमिनीचे चाळीस एकरांचे तुकडे पाडून त्यांची वेगळी सोडत काढण्यात आली. चेरोकी जमीन सोडण्याचा करार यानंतर तीन वर्षांनी, डिसेंबर १८३५ मध्ये झाला, आणि तोही राष्ट्राच्या निर्वाचित सरकारला डावलून एका छोट्या गटाशी. रेषा आधी आखल्या गेल्या, मालक आधी ठरले, आणि संमतीचा कागद सर्वांत शेवटी तयार झाला. राष्ट्रप्रमुख जॉन रॉस १८३५ मध्ये वॉशिंग्टनहून परतले तेव्हा आजच्या फ्लॉइड काउंटीतील त्यांच्या घरात सोडत जिंकलेला माणूस राहायला आला होता. १८३८ मध्ये सक्तीने हलवण्यात आलेल्या सुमारे सोळा हजार चेरोकींपैकी जवळपास चार हजार लोक मेले असे मानले जाते. गिल्मर, लम्पकिन, फोर्साइथ आणि ट्रूप ही काउंट्यांची नावे जॉर्जियाच्या गव्हर्नरांची आहेत, हे यासंदर्भात लक्षात ठेवले पाहिजे.

जमीन संपल्यावरही काउंट्या वाढतच राहिल्या, आणि त्याचे कारण विधिमंडळाच्या रचनेत होते. १८७७ च्या राज्यघटनेने कनिष्ठ सभागृहात लोकसंख्येने सर्वांत मोठ्या सहा काउंट्यांना प्रत्येकी तीन, पुढच्या सव्वीस काउंट्यांना प्रत्येकी दोन आणि उरलेल्या १०५ काउंट्यांना प्रत्येकी एक प्रतिनिधी दिला. काउंटी कितीही लहान असली तरी तिला एक जागा मिळणारच होती, म्हणून नवी काउंटी म्हणजे एक नवा आमदार, एक नवे न्यायालय, नवा शेरीफ, आणि ज्या गावाला मुख्य ठिकाणाचा मान मिळेल तेथील व्यापाऱ्यांची भरभराट. दक्षिणेकडील पाइनच्या पट्ट्यात आगगाडीमुळे वर आलेल्या गावांनी हे अचूक ओळखले, आणि काउंट्यांच्या मागण्या तेथूनच जोराने आल्या. संख्येवर आधी १३७ ची आणि १९०४ मध्ये १४५ ची मर्यादा होती, ती दर वेळी घटनादुरुस्ती करून ओलांडण्यात आली आणि १९२४ पर्यंत काउंट्यांची संख्या १६१ झाली.

१९१७ च्या कायद्याने या विषमतेचा कळस गाठला. त्या काळी जॉर्जियात डेमोक्रॅटिक पक्षाचा उमेदवार निवडून येणे हे ठरलेलेच असल्याने खरी निवडणूक म्हणजे त्या पक्षाची प्राथमिक निवडणूक, आणि तीत एकूण मते मोजण्याऐवजी ‘काउंटी एकके’ मोजण्याची पद्धत या कायद्याने पक्की केली. सर्वांत मोठ्या आठ काउंट्यांना प्रत्येकी सहा, पुढच्या तीस काउंट्यांना प्रत्येकी चार आणि बाकी सर्वांना प्रत्येकी दोन एकके होती. काउंटीत ज्याला सर्वाधिक मते पडतील त्याला तिची सगळी एकके मिळत. काउंट्यांची संख्या १५९ वर स्थिरावल्यावर एकूण एकके ४१० भरत. तीन अगदी लहान काउंट्या मिळून अटलांटा शहर ज्या फुल्टन काउंटीत आहे तिची बरोबरी करू शकत. १९६० च्या जनगणनेनुसार फुल्टनची लोकसंख्या ५,५६,३२६ होती, तर एकोल्स काउंटीची १,८७६. म्हणजे एकोल्समधील एका माणसाचे वजन फुल्टनमधील सुमारे ९९ माणसांएवढे होते.

ग्रामीण समाजाला शहराच्या वर्चस्वापासून संरक्षण हवे, हा या पद्धतीच्या समर्थकांचा युक्तिवाद वरवर पाहता न्याय्य वाटतो. मात्र तिच्यामुळे खेड्यातील गरिबाचे काही भले झाले असे दिसत नाही. लाभ झाला तो काउंटीच्या कचेरीभोवती जमलेल्या मूठभर लोकांना, कारण काही शेकडो मते हाताशी असली की काउंटीची सर्व एकके खिशात घालता येत. कृष्णवर्णीयांचा मताधिकार १९०८ च्या घटनादुरुस्तीने जवळपास हिरावला गेला होता. १९४० च्या दशकात न्यायालयीन लढ्यांतून तो परत येऊ लागला तेव्हा तो प्रामुख्याने शहरांत प्रभावी होता, आणि नेमक्या शहरांच्याच मताला या पद्धतीत किंमत नव्हती. १९४६ च्या गव्हर्नरपदाच्या प्राथमिक निवडणुकीत जेम्स कारमायकल यांना यूजीन टॅलमॅज यांच्यापेक्षा सुमारे सोळा हजार मते जास्त पडली, पण एकके टॅलमॅज यांना २४२ आणि कारमायकल यांना १४६ मिळाली. वर्णभेद टिकवण्याचे उघड आश्वासन देणारा उमेदवार अशा रीतीने कमी मते पडूनही जिंकला. १८ मार्च १९६३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ग्रे विरुद्ध सँडर्स या खटल्यात आठ विरुद्ध एक अशा मताधिक्याने ही पद्धत घटनाबाह्य ठरवली. प्रत्येक व्यक्तीच्या मताला समान मूल्य असले पाहिजे हे तत्त्व न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी याच निकालपत्रात स्पष्टपणे मांडले, आणि पुढच्या वर्षी जॉर्जियातीलच दुसऱ्या खटल्यात ते अमेरिकी काँग्रेसच्या मतदारसंघांनाही लागू झाले.

एककांची पद्धत गेली तरी काउंट्या तशाच राहिल्या. विलीनीकरणामुळे त्यांची संख्या आजवर एकदाच घटली : मंदीच्या काळात, १९३२ च्या आरंभी, आर्थिक दृष्ट्या खचलेल्या मिल्टन आणि कॅम्पबेल या काउंट्या फुल्टनमध्ये विलीन झाल्या. त्यानंतर कोलंबस, अथेन्स, ऑगस्टा आणि मेकन येथे शहर व काउंटी यांची सरकारे एकत्र आली, पण तेथेही काउंटीची ओळख कायम ठेवण्यात आली. २०२० च्या जनगणनेत टॅलिअफेरो काउंटीत १,५५९ लोक होते आणि फुल्टनमध्ये दहा लाखांहून अधिक, तरी निर्वाचित शेरीफ, न्यायालय आणि करवसुली यांची यंत्रणा दोन्हीकडे उभी करावीच लागते. छोट्या काउंटीतील माणसाला आपली कचेरी जवळ हवी असते, तेथील अधिकारी त्याच्या ओळखीचा असतो, आणि ही आस्था खरी असल्याने तिची अवहेलना करणे योग्य ठरणार नाही. पण विलीनीकरणाचा प्रश्न केवळ आस्थेवर अडलेला नाही. प्रत्येक काउंटीत निवडून आलेल्या पदांची एक साखळी आहे, आणि तिच्यातील कोणीही स्वतःचे पद रद्द करण्यास पुढे येणार नाही.

राज्यघटनेने आता १५९ ही कमाल मर्यादा घातली आहे. या शतकाच्या पहिल्या दशकात फुल्टनच्या उत्तरेकडील संपन्न आणि मुख्यतः गोऱ्या उपनगरांतून जुनी मिल्टन काउंटी पुन्हा वेगळी करावी अशी मागणी पुढे आली. ती मान्य करायची तर एकतर घटनादुरुस्ती हवी किंवा अन्यत्र काउंट्यांचे विलीनीकरण. मागणीमागे कराचा पैसा कोठे खर्च होतो याविषयीची तक्रार आहे आणि तिच्यावर प्रामाणिक चर्चा होऊ शकते. तथापि विलीनीकरणाच्या वेळी ज्या मिल्टनला फुल्टनच्या तिजोरीचा आधार लागला होता, त्याच भागाला संपन्नता आल्यावर दक्षिण फुल्टनच्या गरीब, बहुसंख्य कृष्णवर्णीय वस्तीपासून वेगळे व्हायचे आहे, ही गोष्ट त्या चर्चेत टाळता येण्यासारखी नाही.