शनिवारचा डाव

घाटावरून उतरणारा आणि खाडीतून चढणारा माल जेथे पूर्वी एकमेकांस ओलांडून जाई, त्या पनवेल कसब्यात १८४९ साली बांधलेले बेथ एल हे सिनेगॉग आजही उभे आहे. ते ज्यांनी बांधले, त्या बेने इस्राएल या यहुदी समाजाला जुन्या कुलाबा जिल्ह्यातील शेजारी पिढ्यान्‌पिढ्या शनवार तेली म्हणत आले. गलबत फुटून नवगावच्या किनाऱ्याला लागलेल्या सात पुरुषांची आणि सात स्त्रियांची आपण प्रजा, असे त्यांची परंपरा सांगते. ग्रंथ समुद्रात गेले, भाषा हळूहळू विसरली, ‘शेमा’ ही एक प्रार्थना तेवढी ओठांवर उरली, आणि पोटासाठी धंदा पत्करला तो तेल गाळण्याचा. तरीही शुक्रवारी दिवस मावळला की घाणा थांबे, बैलाच्या डोळ्यांवरची झापड उतरे, आणि शनिवारभर तीळ आणि खोबरे कणगीत तसेच पडून राही. शेजारच्या कुणब्याला या लोकांचे दैवत दिसत नसे, कारण त्याला मूर्ती नव्हती. त्याला दिसत असे तो थांबलेला घाणा.

यात नवल असे की यहुदी धर्मशास्त्राने शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विसाव्याच्या दिवशी, वर्ज्य म्हणून जी एकोणचाळीस कामे गणली आहेत त्यांत मळणी हे एक असून, फळे वा बिया पिळून रस किंवा तेल काढणे हे शास्त्रकारांनी मळणीचेच उपांग ठरविले आहे. जनावरासही त्या दिवशी विसावा द्यावा, ही आज्ञा तर प्रत्यक्ष तोरा या मूळ धर्मग्रंथातली. म्हणजे ज्यांच्यापाशी शास्त्राचे पानही उरले नव्हते, त्यांचा आचार शास्त्राच्या कलमाबरहुकूम चालला होता. दाविद रहाबी नावाचा कोणी पंडित पुढे कोकणात आला, त्याने या आचारावरून हे आपलेच लोक अशी खातरजमा करून घेतली आणि तीन घराण्यांस काजीपण दिले, अशी कथा आहे. कथेचा काळ वादग्रस्त असला तरी तिच्यातली साक्ष मला मोलाची वाटते.

१९४८ साली इस्राएलचे राज्य स्थापन झाल्यावर पेणकर, रोहेकर, पनवेलकर अशा आडनावांची कुटुंबे तिकडे निघाली, आणि लोद, रामले, अश्दोद, बीर शेवा, दिमोना अशा गावांतून वसली. त्यांच्या सामानात मराठी होती, नवस फेडताना करावयाचा मलिद्याचा विधी होता, आणि क्रिकेट होते. ज्या मुलखात चेंडू म्हटला की पायाने मारावयाचा एवढेच लोकांस ठाऊक, तेथे या मंडळींनी आणि त्यांच्या जोडीला दक्षिण आफ्रिका व इंग्लंड येथून आलेल्या यहुद्यांनी हा खेळ चालविला. १९६८ साली तेथील क्रिकेट संघटना स्थापन झाली, १९७४ साली तिला आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेचे सहसदस्यत्व मिळाले, आणि पुढे राष्ट्रीय संघातून जे खेळले त्यांत मोठा भरणा हिंदुस्थानातून गेलेल्या कुटुंबांतल्या मुलांचाच राहिला. मुंबईत पंचरंगी सामन्यांच्या काळी हिंदू, पारशी, मुसलमान व युरोपियन यांना वगळून जो ‘इतरेजनां’चा संघ १९३७ पासून उतरू लागला, त्यातच ख्रिस्त्यांबरोबर यहुद्यांची सोय होती. त्या संघाकडून विजय हजाऱ्यांनी ३८७ धावांच्या डावात एकट्यांनी ३०९ काढल्या, ही गोष्ट जुने लोक अजून सांगतात. येथे इतरेजन ठरलेले हे लोक तेथे गेल्यावर हिंदी ठरले; इतकेच काय, १९६२ च्या सुमारास मुख्य रब्बींच्या कचेरीने विवाहप्रसंगी त्यांच्या पूर्वजांची चौकशी करण्याचा हुकूम काढला, आणि धरणे व मोर्चे झाल्यावर ऑगस्ट १९६४ मध्ये क्नेसेटला, म्हणजे तेथील संसदेला, ठराव करून त्यांचे यहुदीपण निःसंशय असल्याचे जाहीर करावे लागले.

पण मला येथे पाहावयाचा आहे तो याहून बारीक पेच. मुंबईत सरकारी सुटी रविवारची. १९४८ साली सुरू झालेली कांगा लीग ही क्रिकेट स्पर्धा भर पावसात चिखल तुडवीत खेळली जाते तीही रविवारीच. त्यामुळे बेने इस्राएल मुलगा शनिवारी प्रार्थना करून रविवारी मैदानावर जाऊ शकत असे, आणि त्याच्या दोन्ही निष्ठांत तंटा नसे. इस्राएलात मात्र रविवार कामाचा आणि सुटी शनिवारची. साहजिकच तेथील सामने शनिवारी होऊ लागले, आणि जो शब्बाथ ख्रिस्ती सरकारच्या अमलाखाली आणि त्यानंतरही, हिंदूंच्या शेजारात निर्वेधपणे पाळता येत होता, तोच यहुद्यांच्या स्वतःच्या राज्यात क्रिकेटच्या आड आला. इंग्रजांनाही हा पेच अपरिचित नव्हता. त्यांनी आपल्या देशातील कसोटी सामन्यांत रविवारचा खेळ १९८१ पर्यंत टाळला होता.

तर मग शब्बाथला चेंडू खेळावा की न खेळावा? हा प्रश्न मी काढलेला नाही. तो फार जुना आहे. तूर शिमोन नावाचे संपन्न नगर का नष्ट झाले, याची मीमांसा करताना यरुशलमी तालमूदाने एक कारण असे दिले आहे की तेथील लोक चेंडू खेळत. सोळाव्या शतकात गालिलातील सफेद या गावी बसून योसेफ कारोने जो धर्मसंग्रह रचला त्यात शब्बाथला चेंडू निषिद्ध आहे. क्राकूवच्या मोशे इस्सर्लिसने त्यावर लिहिताना काही आचार्य परवानगी देतात आणि रूढीही तशीच आहे, असा शेरा मारला. पुढच्या टीकाकारांनी भीती व्यक्त केली ती अशी की जमिनीवर खेळणारा मनुष्य सहजच खड्डे बुजवू लागेल, आणि जमीन सपाट करणे हे तर नांगरणीच्या सदरात मोडणारे काम. दोन चेंडूंच्या मध्ये पुढे येऊन बॅटच्या टोकाने खेळपट्टी ठोकणारा फलंदाज या टीकाकारांनी पाहिला असता तर त्यांस आपल्या दूरदृष्टीचा अभिमानच वाटला असता.

माझा स्वतःचा कौल इस्सर्लिसच्या बाजूने आहे, पण एका अटीवर. त्या एकोणचाळीस कामांची यादी पाहिली म्हणजे तिचे सूत्र श्रम हे नसल्याचे ध्यानात येते. शब्बाथला घरातल्या घरात जड बाक ओढला तर ते या यादीत बसत नाही, आणि दोन अक्षरे लिहिली तर मात्र बसते. वर्ज्य आहे ती निर्मिती, म्हणजे ज्याच्या मागे काही उरते ते कर्म. कारण ही कामे तोरात वर्णिलेला ईश्वराचा निवासमंडप उभारण्याच्या कामांवरून घेतलेली आहेत, आणि ईश्वरानेही सहा दिवस घडविले व सातव्या दिवशी घडविणे थांबविले. आता या लोकांनी शतकानुशतके ज्यांच्या शेजारी घाणे चालविले, त्या आम्हा लोकांचा ईश्वर दुसऱ्या प्रकृतीचा. ब्रह्मसूत्रकार बादरायणाच्या मते जगाची उत्पत्ती ही केवळ लीला. आप्तकामाला मिळवावयाचे काही नसते, म्हणून त्याचे करणे हेच खेळणे. जो काम करतो त्याला विसाव्याचा दिवस लागतो. जो खेळतो त्याला तो कशास लागावा? वरकरणी हे दोन सिद्धान्त परस्परविरुद्ध आहेत, तथापि मला वाटते की शब्बाथच्या दिवशी मनुष्याकडून जे अपेक्षिले आहे ते लीलेच्या फार जवळ येते, म्हणजे फळ न उरविणारे असणे. टाकलेला चेंडू, मारलेला फटका, पकडलेला झेल यांच्यामागे काहीच उरत नाही. संध्याकाळी मैदान होते तसेच असते.

उरते ते एकाच ठिकाणी. सीमारेषेबाहेर वही घेऊन बसलेला गुणलेखक प्रत्येक चेंडूला टिंब देतो, धाव झाली तर आकडा मांडतो, बळी गेला की तशी नोंद करतो आणि षटक संपताच बेरीज करतो. खेळपट्टी ठोकणारा फलंदाज सोडला तर त्या साऱ्या मैदानात शास्त्रार्थाने काम करणारा इसम तो एक. त्याच्या वहीमुळेच खेळाला गुणतक्ता, क्रमवारी, संघनिवड आणि राष्ट्राची अब्रू ही फळे लागतात, आणि फळ लागले की लीलेचे कर्म होते.

याची उलट बाजू इस्राएलच्या संघाच्याच दफ्तरी आहे. १९७९ साली इंग्लंडात सहसदस्य देशांची पहिली आयसीसी ट्रॉफी झाली, तीत श्रीलंकेने राजकीय कारणास्तव इस्राएलविरुद्ध उतरण्यास नकार दिला. सामना सोडून दिल्याची नोंद झाली, गुण इस्राएलच्या खात्यात जमा झाले, आणि श्रीलंकेने पुढे ती स्पर्धाही जिंकली. खेळ झालाच नाही, नोंद मात्र पक्की झाली. शनिवारी खेळून रब्बींचा रोष ओढवणाऱ्या मुलांच्या चुकीपेक्षा हा अधर्म अधिक मोठा, असे मी तरी म्हणेन.

तेव्हा अश्दोदला किंवा बीर शेव्याला शनिवारी खुशाल डाव मांडावा. वही तेवढी घरी ठेवावी. आकाशात तीन तारे दिसून शब्बाथ संपला म्हणजे सर्वांनी बसून धावसंख्या आठवणीतून लिहावी, आणि एखादा झेल जमिनीला टेकला होता की नव्हता यावर मतभेद झालाच तर मराठीत भांडावे. भांडण हे एकोणचाळीस कामांच्या यादीत नाही.