घेतलेले परत करणे

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात वाडीतला सोऱ्या या घरातून त्या घरात फिरत असतो. चकल्या झाल्या की धुऊनपुसून तो ज्याचा त्याला पोचता करावा, असा संकेत. पण एखाद्या घरी तो फळीवर तसाच पडून राहतो. तेथे कुणाच्या मनात चोरी नसते. ‘मागतील तेव्हा देऊ’, एवढाच विचार! मग मागितल्यावर देणारा आणि न मागता देणारा, या दोघांत नीतीच्या दृष्टीने काही अंतर आहे काय?

या जुन्या प्रश्नाला संगणकाच्या जगात फार नेमके रूप मिळाले आहे. माहितीचा मोठा साठा जेथे असतो, त्या डेटाबेसशी बोलायचे तर प्रोग्रॅमला आधी एक जोडणी मागून घ्यावी लागते. या जोडण्या मोजक्या असतात. पोस्टग्रेस या डेटाबेसची मूळ मर्यादा १०० ची, मायएसक्यूएलची १५१ ची. मालकाला ती वाढवता येते, पण अमर्याद करता येत नाही. काम झाल्यावर जोडणी बंद करण्याची एक ओळ लिहायची असते. ती विसरली तर त्या घटकेला काहीच बिघडत नाही. बिघडते ते पुढे, मर्यादा भरल्यावर दाराशी आलेल्या निरपराध माणसाचे. गंमत अशी, की दोष एकाचा आणि नकार दुसऱ्याला!

कुणी म्हणेल, मागून आवरणारे कोणी असतेच की! असते खरे. जावासारख्या भाषांत नको झालेली स्मृती झाडून काढणारी व्यवस्था आहे. पण ती साधारणतः स्मृती अपुरी पडू लागली की जागी होते. जोडण्या किती उरल्या, हे तिच्या हिशेबात नसते. प्रोग्रॅम संपला की सगळेच सुटते, हेही खरे. विरारला गाडी रिकामी होते, तेव्हा बाकावर टाकलेल्या रुमालालाही काही अर्थ उरत नाही. परंतु रात्रंदिवस चालणाऱ्या प्रोग्रॅमचे विरार येतच नाही. रुमाल टाकणारा वसईलाच उतरून गेलेला असतो आणि बाकीचे उभेच.

याहून सूक्ष्म गोष्ट अशी, की परत करण्याची ओळ लिहिलेली असूनही काम मध्येच फसले तर ती गाठलीच जात नाही. माणसाचेही असेच होते. कार्य यथासांग पार पडले तर आपण उसने नीट परत करतो. बिनसले की त्या त्राग्यात परतफेडही राहून जाते. म्हणून २०११ साली जावाच्या सातव्या आवृत्तीत अशी सोय आली, की घेतानाच परतीचा करार करून ठेवावा. मग काम तडीस जावो वा मोडो, घेतलेल्या वस्तू उलट क्रमाने आपोआप सुटतात.

यावर एक आक्षेप संभवतो. परत करणे आपोआप होऊ लागले तर त्यात सद्गुण तो काय राहिला? मला वाटते, हा आक्षेप सद्गुणाला दागिना समजतो. दाराशी ताटकळणाऱ्याला आपला चांगुलपणा नको असतो, त्याला जागा हवी असते. शिवाय तो करार आपोआप लिहिला जात नाही. आपण विसराळू आहोत, त्रागा करणारे आहोत, हे ओळखून कुणी तरी तो आधी लिहावा लागतो. स्वतःच्या दुबळेपणाची आगाऊ तजवीज करणे, हाही सद्गुणच.

आणि सोडणे म्हणजे तोडणे नव्हे. दर वेळी नवी जोडणी उभारणे खर्चिक, म्हणून पुष्कळ ठिकाणी जोडण्यांचा सामायिक साठा ठेवतात. तेथे ‘बंद करा’ म्हटले, की जोडणी मोडत नाही; साठ्यात परत जाते आणि पुढच्याच्या हाती पडते. तो पुढचा आपल्याला कधी दिसत नाही, आभारही मानत नाही. न मागता परत करणाऱ्याने त्याला मोजलेले असते. मागितल्यावर देणाऱ्याने फक्त मागणाऱ्याला. अंतर आहे ते एवढेच, पण ते लहान नाही.