आपत्कालीन दाराजवळचे आसन आणि स्वीकारलेले कर्तव्य

विमानात आपत्कालीन दाराजवळचे आसन घेणाऱ्या प्रवाशाला चेक-इनच्या वेळी किंवा उड्डाणापूर्वी मदतीची तयारी विचारली जाते. अमेरिकी नियमानुसार तो किमान 15 वर्षांचा, सूचना समजणारा आणि दार उघडण्यास सक्षम असावा लागतो. तयारी नसल्यास कारण न सांगता जागा बदलून मागता येते.

धर्मशास्त्रात सामान्य धर्म सर्वांना लागू असतो, तर विशेष धर्म वर्ण, आश्रम किंवा पदानुसार ठरतो. संकटात इतरांना मदत करणे हे सामान्य कर्तव्य. दार उघडणे हे त्या आसनाचे विशेष कर्तव्य. मात्र ते जन्माने येत नाही, होकाराने येते. म्हणूनच नकाराची मोकळीक आवश्यक ठरते: दबावाखाली दिलेला होकार बंधनकारक मानणे कठीण.

केवळ ऐसपैस जागेसाठी दिलेला होकारही बांधतो काय? बांधतो, कारण हेतू कोणताही असला, तरी इतर प्रवासी त्या शब्दावर विसंबतात. 1985 मध्ये मँचेस्टरला विमानाला आग लागून 55 जण दगावले. तेथे पंखावरचे दार उघडताना प्रवाशांना अडचण आली होती. त्यामुळे होकारासोबत सूचना समजून घेण्याचे कर्तव्यही येते. जिवावर उदार होण्याची अपेक्षा मात्र त्यात नाही. स्वतःला इजा न होता जमेल तेवढेच ते बांधते.