ताटापलीकडची आफ्रिका

दरवर्षी ऑक्टोबर महिन्यात मिशन रविवार येतो. चर्चच्या दाराशी दानपेटी मांडली जाते. आमच्या लहानपणी त्या पेटीच्या मागे एक चित्र लावलेले असे. चित्रात एक आफ्रिकन मूल, मोठे डोळे, हातात रिकामे ताट. आम्ही खाऊचे पैसे पेटीत टाकत असू, आणि ते चांगलेच करत होतो. परंतु त्या मुलाचे नाव काय, ते कोणत्या देशातले, त्याची आई त्याला कोणत्या भाषेत हाक मारते, हे विचारावे असे आम्हाला कधी वाटले नाही. कुणी सांगितलेही नाही. आज इतक्या वर्षांनंतर प्रामाणिकपणे पाहिले तर आफ्रिका म्हटल्यावर आमच्या मनात पहिल्यांदा ते ताटच येते.

आता गंमत पाहा. आपल्या गावांत घरोघरी एखादा ऑगस्टिन असतो, एखादी मोनिका असते. संत ऑगस्टिन यांचा जन्म इ.स. ३५४ मध्ये थागास्ते येथे झाला. ते गाव आजच्या अल्जेरियात आहे. संत मोनिका त्याच मातीतली. इ.स. २०३ मध्ये रक्तसाक्षी झालेल्या पर्पेतुआ आणि फेलिसिता कार्थेजच्या, म्हणजे आजच्या ट्युनिशियातल्या. क्रुसाच्या वाटेवर पाचव्या स्थानी आपण गुडघे टेकतो, तेथे प्रभूचा क्रूस खांद्यावर घेणारा शिमोन कुरेने गावचा. ते गाव लिबियात येते. ज्यांच्या नावाने आपण लेकरांचा बाप्तिस्मा करतो ती माणसे आफ्रिकेची, आणि तरीही आफ्रिका म्हणजे रिकामे ताट! हे कसे झाले?

आम्हाला वाटते, हा केवळ अज्ञानाचा प्रश्न नाही. आठवी आज्ञा आपल्याला खोट्या साक्षीपासून दूर राहायला सांगते. पापनिवेदनाला जाताना आपण त्या आज्ञेखाली काय मोजतो? बोललेले खोटे, केलेली चहाडी. पण एखाद्या अख्ख्या खंडाविषयी आपण एकच चित्र बाळगले, ते खोटे नसले तरी अपुरे आहे हे ठाऊक असूनही बाळगले, तर तीही एक प्रकारची साक्षच नव्हे काय? भूक खरी होती. पण तेवढीच खरी नव्हती.

या प्रश्नाकडे आमचे लक्ष गेले ते एका कोशामुळे. डिक्शनरी ऑफ आफ्रिकन ख्रिश्चन बायोग्राफी असे त्याचे नाव. १९९५ साली अमेरिकेत न्यू हेवन येथे जोनाथन बाँक यांच्या पुढाकाराने तो सुरू झाला. त्यामागची खंत साधी होती. आफ्रिकेत गेलेल्या युरोपियन मिशनऱ्यांची चरित्रे कपाटे भरून आहेत. पण गावोगाव पायी फिरून ज्यांनी प्रत्यक्ष श्रद्धा रुजवली त्या आफ्रिकन कॅटेकिस्टांची, प्रार्थना शिकवणाऱ्या बायांची, शिक्षकांची नावे कुठेच नाहीत. मिशनऱ्याच्या पत्रात ‘आमचा एक विश्वासू मदतनीस’ एवढाच उल्लेख. म्हणून ठरले, की ही चरित्रे लिहायची. कॅथलिक, प्रोटेस्टंट, ऑर्थोडॉक्स, आफ्रिकेच्या स्वतंत्र मंडळ्या, सर्वांची. इंग्रजी, फ्रेंच, पोर्तुगीज, स्वाहिली अशा भाषांत. लिहिणाऱ्याला मानधन नाही. वाचणाऱ्याला मोल नाही. २०१२ सालापासून हे काम बोस्टन विद्यापीठात चालते.

लिहिणारे कोण? सेमिनरीतले विद्यार्थी, प्राध्यापक, धर्मगुरू. कागदपत्रे नसतील तेथे म्हाताऱ्या माणसांजवळ बसून त्यांच्या आठवणी उतरवून घ्यायच्या. हे काम किती वेळखाऊ असते ते ज्याने आपल्याच आजोबांची माहिती गोळा करण्याचा प्रयत्न केला आहे त्याला सांगायला नको. एक जण एक साल सांगतो, दुसरा दुसरेच. मग सगळे त्या वर्षीच्या पावसावर येऊन थांबतात!

कुणी विचारील, पैसे मिळत नाहीत म्हणून काय झाले, त्यात एवढे कौतुक कसले? आम्हाला त्यात एक विशेष दिसतो. पैसे घेऊन लिहिणारा गिऱ्हाईक पाहतो. आफ्रिकेविषयी बाहेरच्या जगाला काय खपते हे केन्याचे लेखक बिन्यावांगा वैनैना यांनी २००५ साली एका बोचऱ्या लेखात दाखवून दिले होते. दुष्काळ, युद्ध, सिंह आणि मावळता सूर्य, एवढ्यावर काम भागते. विनामोबदला लिहिणाऱ्याला मात्र हे खपवायचे नसते. त्याला एखाद्या खेड्यातल्या शिक्षकाचे चार पानी चरित्र लिहिता येते. ते दहाच माणसे वाचतील, आणि त्या दहांत त्या शिक्षकाची नात असेल.

तरीही एक अडचण उरते, आणि ती आम्हाला खरी वाटते. कौतुक करायला बसलेला माणूस खोटे बोलण्याची शक्यता अधिक. आपण स्मरणिकांमधून निधनलेख वाचतो, त्यांत एकही माणूस कधी रागावलेला नसतो. एखाद्या समाजाची, संस्कृतीची थोरवी गायची म्हटले, की तिच्यातले जे काटेरी आहे ते गुपचूप बाजूला ठेवायचे काय? ताटाचे चित्र काढून तेथे ढोल वाजवणाऱ्या आनंदी माणसांचे चित्र लावले, तर साक्ष खरी झाली काय?

याचे उत्तर आम्हाला धन्यवादित बेनेडिक्ट दास्वा यांच्या जीवनात सापडते. दक्षिण आफ्रिकेच्या लिम्पोपो प्रांतातले हे शाळेचे मुख्याध्यापक. घरी मुले होती, मळा होता. तो पिकवून ते गरजूंना भाजीपाला देत. गावातल्या मुलांना फुटबॉल शिकवीत. बायकोला घरकामात मदत करत, याचे गावात हसू होई. (आपल्याकडेही झाले असते.) चर्च बांधायला स्वतः हात लावला. १९९० च्या जानेवारीत गावात विजा पडून झोपड्या जळाल्या. कुणीतरी चेटूक केले असे ठरले, आणि चेटूक करणारा शोधण्यासाठी देवऋष्याकडे जायला घरटी पाच रँड वर्गणी काढण्याचे ठरले. दास्वा म्हणाले, वीज ही निसर्गाची गोष्ट आहे, मी वर्गणी देणार नाही. त्यांना ठाऊक होते, की त्या पाच रँडच्या शेवटी कुण्या निरपराध माणसाचा बळी आहे. २ फेब्रुवारी १९९० च्या रात्री त्यांना वाटेत अडवून दगडांनी आणि दांडक्याने ठार करण्यात आले. पुढे नऊच दिवसांनी नेल्सन मंडेला तुरुंगातून बाहेर आले. जगाचे डोळे तिकडे लागले होते. या मुख्याध्यापकाचे नाव तेव्हा त्या भागाबाहेर फारसे कुणाला ठाऊक नव्हते. १३ सप्टेंबर २०१५ रोजी ख्रिस्तसभेने त्यांना धन्यवादित म्हणून घोषित केले.

आता हे चरित्र लिहिणाऱ्याने चेटकाची गोष्ट गाळली, तर दास्वा मेले कशासाठी? आणि तेवढीच लिहिली, तर पुन्हा तेच अंधाऱ्या आफ्रिकेचे जुने चित्र. दोन्ही लिहायला हवे, कारण मारणारे त्या मातीतले होते आणि त्या मातीतलाच माणूस त्यांच्यासमोर उभा राहिला. त्याला ते धैर्य युरोपातून उसने आणावे लागले नाही. आपल्याकडे भानामतीच्या संशयावरून बायाबापड्यांना मारहाण होते. आपल्या राज्याला त्यासाठी २०१३ साली कायदा करावा लागला. तेव्हा आपण फार उंचावरून बोलू नये हेच बरे.

मग आपल्यासारख्या बाहेरच्यांनी आफ्रिकेविषयी लिहावे काय? त्यांचे त्यांनी लिहावे, हे म्हणणे बरोबरच आहे. १९५८ साली चिनुआ अचेबे यांची थिंग्ज फॉल अपार्ट ही कादंबरी आली, तेव्हापासून ते स्वतः लिहीत आले आहेत, आणि आपल्यापेक्षा चांगले लिहीत आले आहेत. पण आपल्या मनातले चित्र कोण पुसणार? मार्च २०१७ मध्ये दिल्लीजवळ ग्रेटर नोएडा येथे जमावाने नायजेरियन विद्यार्थ्यांना मारले. आपल्या शहरांत आफ्रिकन विद्यार्थ्याला भाड्याने खोली मिळताना काय होते, हे आपल्याला ठाऊक आहे. त्याच्याविषयीच्या अफवाही आपण ऐकल्या आहेत आणि पुढे सांगितल्याही आहेत. खोली नाकारणारे आपल्यातही आहेत, आणि रविवारी मिस्साला ते आपल्या बाकावर बसतात.

शिवाय आपला त्यांच्याशी जुना संबंध आहे. नाशिकला शरणपूर रोड सर्वांना माहीत आहे. एकोणिसाव्या शतकात शरणपूर येथे चर्च मिशनरी सोसायटी या प्रोटेस्टंट संस्थेची वसाहत होती. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुले तेथे आणली जात, शिकत, सुतारकाम, लोहारकाम करीत. त्यांतली काही पुढे आफ्रिकेला परतली आणि १८७५ साली मोंबासाजवळ वसवलेल्या फ्रेरटाउनमध्ये त्यांनी शाळा आणि मंडळी उभारायला हातभार लावला.

नाशिकला शिकलेल्या या मुलांपैकी एक होता जेकब वेनराइट. गुलाम म्हणून पळवलेला याओ जमातीचा मुलगा. तो डॉ. लिव्हिंगस्टन यांच्या शेवटच्या प्रवासात त्यांच्यासोबत होता. १ मे १८७३ रोजी आजच्या झांबियातल्या एका गावी लिव्हिंगस्टन वारले. त्यांचे हृदय सोबत्यांनी तेथेच झाडाखाली पुरले. त्या वेळी दफनाच्या प्रार्थना वाचल्या त्या जेकबने. मग वाळवलेला देह खांद्यावर घेऊन ही माणसे कित्येक महिने चालत राहिली आणि फेब्रुवारी १८७४ मध्ये समुद्रकिनारी बागामोयो येथे पोचली. तेथे कॅथलिक होली घोस्ट फादरांच्या मिशनमध्ये तो देह ठेवण्यात आला. एप्रिलमध्ये लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबीत अंत्यविधी झाला, तेव्हा शवपेटीला खांदा देणाऱ्यांत जेकब होता.

लिव्हिंगस्टन यांच्यावर किती पुस्तके झाली त्याची गणती नाही. जेकबचे नाव आपल्यापैकी किती जणांनी ऐकले होते? आम्हीही फार उशिरा ऐकले, आणि तेही नाशिकला कित्येकदा जाऊन आल्यानंतर. त्या झाडाच्या बुंध्यावर त्याने अक्षरे कोरली होती. बुंध्याचा तो तुकडा आज लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीत आहे. त्यावर लिव्हिंगस्टन यांचे नाव आहे, तारीख आहे, सोबत्यांपैकी तिघांची नावे आहेत. स्वतःचे नाव मात्र त्याने कोरले नाही.