नाव नसलेला दगड

भोरजवळच्या आमच्या गावात देवळामागे एक वीरगळ आहे. खालच्या चौकटीत लढाई आणि गायी, त्यावर वीराला घेऊन जाणाऱ्या अप्सरा, सगळ्यात वर शिवलिंगापुढे हात जोडलेला तो. माथ्यावर चंद्र-सूर्य. नाव कुठेच नाही.

गायी कोरल्यात, म्हणजे बहुधा गावची गुरं सोडवताना गेलेला माणूस. पण प्रत्येक भावकीला तो आपलाच पूर्वज, महाराजांचा मावळा हवा असतो. मीही तसं स्टेटस ठेवलं होतं.

मेक्सिको-ग्वाटेमालातल्या माया शिळांवरच्या आकृतींना अभ्यासक देव किंवा पुरोहित समजत. १९६० साली तातियाना प्रोस्कुरियाकोफ यांनी तिथल्या तारखा जुळवल्या. प्रत्येक गटातल्या तारखा एका माणसाच्या आयुष्यात मावत होत्या. म्हणजे ते राजे होते! आपल्या नाणेघाटात उलटं झालंय: सातवाहनांची नावं उरली, मूर्ती गेल्या.

आमच्या दगडावर ना तारीख, ना अक्षर. मग त्याला आपलं नाव चिकटवणं म्हणजे त्याचं मरण चोरणंच ना?

पण आपलेपणाचा शेंदूर लागला नसता, तर तो केव्हाच कुणाच्या तरी घराची पायरी झाला असता, हेही खरंय.

स्टेटस मी काढलं. आता कुणी विचारलं तर सांगतो, ‘आमच्या गावचा. नाव माहीत नाही.’ शेंदूर मात्र लावतो.