मांडीवर दिलेली घराणी

अकोटहून हिवरखेडच्या रस्त्याला लागलं की अडगाव बुद्रुक लागतं. 29 नोव्हेंबर 1803 रोजी दिवस कलताना तिथं लढाई झाली. नागपूरकर भोसल्यांच्या तोफा सुरू होताच कंपनीच्या शिपायांच्या तीन पलटणी फुटल्या. चौतीस वर्षांचा सेनापती स्वतः आडवा गेला, पळणाऱ्यांना माऱ्याबाहेर नेऊन पुन्हा रांगेत उभं केलं आणि मग चालून गेला. 15 डिसेंबरला गाविलगड पडला. 17 डिसेंबरला देवगावचा तह झाला आणि वर्धेच्या पश्चिमेकडचा वऱ्हाड, नरनाळा-गाविलगड आणि त्यांच्या भोवतीचा थोडा मुलूख सोडून, भोसल्यांच्या हातून गेला.

तो सेनापती ऑर्थर वेलस्ली. आपण त्याला इंग्रज म्हणून मोकळे होतो, पण त्याचं घराणं आयर्लंडमधलं. तिथल्या कॅथलिक रयतेवर जमीनदारी करणाऱ्या प्रोटेस्टंट सरदारांपैकी ते एक. त्याची वंशावळ मात्र आपल्याकडच्या भाटाने वाचली असती तर पहिल्याच पानावर थांबला असता. मूळ आडनाव कॉली. मीथ परगण्यातल्या डँगनचा मालक गॅरेट वेस्ली 1728 मध्ये निपुत्रिक वारला, आणि त्याची इस्टेट आणि आडनाव दोन्ही त्याच्या नात्यातल्या रिचर्ड कॉलीकडे आलं. आपल्याकडे भावकीतला पोर मांडीवर घेतात, त्यातलाच हा प्रकार. या रिचर्डला 1746 मध्ये मॉर्निंग्टनची सरदारकी मिळाली. मुलगा गॅरेट 1760 मध्ये अर्ल झाला. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात संगीताचा प्राध्यापकही होता. नातवांनी पुढे वेस्लीचं वेलस्ली केलं. त्यातला थोरला रिचर्ड हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल, ऑर्थर पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन आणि दोनदा पंतप्रधान, धाकटा हेन्री राजदूत.

थोरल्याचा वंश पाहण्यासारखा आहे. त्याची मुलं लग्नाआधीची. लग्न 1794 मध्ये लागलं तरी तिथल्या कायद्याने ती औरस ठरली नाहीत. 1842 मध्ये तो गेला तेव्हा त्याची मार्क्विस ही पदवी त्याच्याबरोबरच संपली. पोटची मुलं असूनही वारस नाही! म्हणजे रक्तापेक्षा कागद मोठा, हे त्या समाजाला पुरेपूर ठाऊक होतं. 1728 मध्ये कागदानेच त्यांचं घर उभं केलं आणि 1842 मध्ये कागदानेच एक फांदी तोडली.

हाच कागद अकरा वर्षांनी नागपूरला आला. 11 डिसेंबर 1853 रोजी तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारले. राणीने दत्तक घेतला, पण गव्हर्नर जनरल डलहौसीने तो मानला नाही आणि 1854 मध्ये राज्य खालसा केलं. कोणी म्हणेल, आयर्लंडमधला प्रश्न खाजगी इस्टेटीचा होता, नागपूरचा राजसत्तेचा. राजाने दिलेली पदवी वारसाअभावी राजाकडे परत जाते, तसंच हे. डलहौसीचा युक्तिवाद याच वळणाचा होता: 1818 मध्ये आप्पासाहेबांना काढून रघूजींना गादी आम्हीच दिली, ती आमच्याकडे परत आली.

मला हे पटत नाही, आणि त्याचं कारण त्याच 1818 मध्ये आहे. हे तिसरे रघूजी भोसल्यांच्या मुलीचा मुलगा. आप्पासाहेबांच्या आधीच्या राजाच्या विधवेच्या मांडीवर देऊन, नाव बदलून, त्यांना कंपनीच्याच संमतीने गादीवर बसवलं गेलं. तेव्हा दत्तक चालला, कारण लहान मुलाच्या नावाने कारभार रेसिडेंटच्या हाती राहत होता. 1853 मध्ये चालला नाही, कारण आता मधे कोणी नको होतं. नागपूरबरोबर विदर्भाचा कापूस पिकवणारा मुलूखही थेट हाती येणार होता. भोसल्यांच्या हातून निजामाकडे गेलेला वऱ्हाड त्याच वर्षी मे महिन्यात ताब्यात आलेलाच होता.

जॉन बर्कने 1826 मध्ये इंग्लंड-आयर्लंडच्या सरदारांच्या वंशावळींचा ग्रंथ काढला, तो अजून चालतो. आपल्याकडे भाटांच्या वह्या आहेत, त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांची बाडं आहेत. त्यांत दत्तकाचं नाव पोटच्या मुलाच्याच ओळीत येतं, आणि वंश पुढे चालतो. नागपूरच्या दत्तकाचं मूळ नाव यशवंतराव. दत्तक गेल्यावर ते जानोजी झाले, जसे कॉलीचे वेस्ली झाले. पुढे कंपनीचं राज्य संपल्यावर सरकारने तो दत्तक मान्य केला आणि त्यांना सातारा जिल्ह्यातल्या देऊरचे राजे बहादूर केलं. राज्य मात्र परत दिलं नाही.