देणगीची कसोटी

मीरा-भाईंदरमध्ये कुणाला कॅन्सर निघाला की घरात पहिले नाव निघते ते ‘टाटा’चे. फाइल पिशवीत घालायची, चर्चगेटची स्लो लोकल पकडायची, प्रभादेवीला उतरून पूल ओलांडायचा आणि परळच्या रांगेत उभे राहायचे. लोकांच्या लेखी ते टाटांचे हॉस्पिटल. सरकारदप्तरी मात्र ते 1962 पासून अणुऊर्जा विभागाचे आहे. टाटांच्या ट्रस्टने ते उभे केले, चालवून दाखवले आणि मग सार्वजनिक हाती सोपवले. धर्मादाय पैशाने आरोग्य, संस्कृती आणि विज्ञान यांसाठी नेमके काय करावे, या प्रश्नाचे उत्तर या हस्तांतरात आहे. देणगीची थोरवी तिच्या रकमेवर ठरत नाही. दात्याचा हात निघाल्यावरही जे काम चालत राहते, त्यावर ती ठरते.

हा विचार एका दिवसात आलेला नाही. जमशेटजी जीजीभॉय यांच्या काळातले दान डोळ्यांना दिसणारे होते. त्यांच्या देणगीतून 1845 मध्ये भायखळ्याचे रुग्णालय उभे राहिले आणि त्याच वर्षी त्यांच्या पत्नी अवाबाई यांच्या पैशातून माहीमचा कॉजवे खुला झाला. समोर अडचण दिसली, ती पैशाने दूर केली, हा त्या दानाचा सरळ हिशेब होता. पुढच्या अर्धशतकात तो हिशेब बदलला. जमशेटजी टाटांनी 1892 मध्ये हुशार तरुणांच्या परदेशी उच्च शिक्षणासाठी निधी काढला आणि 1898 मध्ये विज्ञानसंस्थेची योजना मांडली. ते 1904 मध्ये गेले. बंगळूरची संस्था 1909 मध्ये स्थापन झाली. आपल्या हयातीत फळ दिसणार नाही अशा कामाला पैसा देणे, ही या विचारातली पहिली मोठी उडी. मराठी मुलखातही तेव्हा हीच दृष्टी आकार घेत होती. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी भांडारकर संस्थेला एक लाख रुपये देऊ केले. ते काम 1966 पर्यंत चालले. रावबहादूर काळे यांच्या देणगीतून 1930 मध्ये पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था निघाली. पोथ्यांचे पाठभेद तपासणाऱ्या पंडिताला किंवा शेतकऱ्याच्या जमाखर्चाचा अभ्यास करणाऱ्याला बाजार पगार देत नसतो, हे या दात्यांनी ओळखले होते.

जमशेटजींचे पुत्र दोराबजी टाटा यांच्या ट्रस्टमध्ये या सगळ्या धाग्यांची गाठ पडलेली दिसते. त्यांच्या पत्नी मेहेरबाई 1931 मध्ये रक्ताच्या कॅन्सरने गेल्या. पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाने निघालेल्या ट्रस्टच्या उत्पन्नाचा चार पंचमांश भाग रक्ताच्या कर्करोगावरील आंतरराष्ट्रीय संशोधनाला राखून ठेवण्यात आला. मुंबईतल्या दात्याने 1932 मध्ये परदेशी प्रयोगशाळांना पैसा का द्यावा? कारण रोगावर औषध जिथे सापडेल तिथे सापडो, ते शेवटी मुंबईच्या रुग्णापर्यंतही पोचणार, हे त्यामागचे तर्कशास्त्र. दोराबजींच्या मुख्य ट्रस्टने 1941 मध्ये परळचे हॉस्पिटल सुरू केले. होमी भाभांनी मार्च 1944 मध्ये याच ट्रस्टला पत्र लिहिले आणि पुढच्या वर्षी मूलभूत संशोधनाची संस्था उभी राहिली. 1969 मध्ये राष्ट्रीय संगीत-नाट्य केंद्रालाही याच ट्रस्टचा आधार मिळाला. हॉस्पिटल, भौतिकशास्त्र आणि नाट्यगृह वरवर एकमेकांपासून दूर दिसतात. पण तिन्हींचा परतावा उशिरा येतो, तो कुणा एकाच्या खिशात पडत नाही आणि निवडणुकीच्या हिशेबात तर तो बसतच नाही. म्हणूनच या तिन्हींना धीराचा पैसा लागतो.

यावर आक्षेप आहेत आणि ते हलके नाहीत. पहिला पैशाच्या उगमाचा. जीजीभॉयांच्या संपत्तीत चीनच्या अफूव्यापाराचा वाटा होता, हे झाकून चालणार नाही. रुग्णालयाने तो व्यापार धुतला जात नाही. पण त्या व्यापारामुळे रुग्णालयही खोटे ठरत नाही. दोन्ही नोंदी एकाच वहीत राहू द्याव्यात. दुसरा आक्षेप असा की आरोग्य ही सरकारची जबाबदारी आहे आणि ट्रस्ट पुढे झाले की सरकार अंग काढून घेते. हा धोका खराच आहे. परळचा अनुभव मात्र उलट सांगतो: तिथे ट्रस्टने पायंडा पाडला आणि सरकारला तो पत्करावा लागला. तिसरा आक्षेप दात्याच्या मर्जीचा. कुणाला काय मिळावे हे निवडून न आलेल्या चार विश्वस्तांनी का ठरवावे? याचे उत्तर कायद्याने अर्धे दिले आहे. महाराष्ट्रात धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. करसवलत घेणारा ट्रस्ट हा खासगी मामला राहत नाही, हे तत्त्व त्यात मान्य झाले आहे. उरलेले अर्धे उत्तर जागरूक नागरिकांनी द्यायचे आहे.

चौथा आक्षेप सर्वांत माणुसकीचा आहे. रुग्णाचे नातेवाईक फुटपाथवर झोपत असताना संशोधन आणि संगीत यांचे कौतुक कशाला? पण एक प्रकारचे दान आले म्हणून दुसरे मागे पडते, असे घडलेले नाही. परळला उपचार घेणाऱ्या बाहेरगावच्या रुग्णांना दादरची गाडगेमहाराजांची धर्मशाळा आजही आसरा देते. ज्ञानासाठी दिलेल्या पैशाने उपचार सापडतो, धर्मशाळेमुळे तो उपचार पुरा होईपर्यंत गरीब माणूस शहरात टिकून राहतो. दोहोंपैकी एकच निवडा, असे म्हणणे रुग्णाच्याच मुळावर येते.

आता मीरा-भाईंदरकडे पाहू. मिठागरांच्या आणि कोळी-आगरी गावठाणांच्या या पट्ट्यात 2011 च्या जनगणनेत 8,09,378 माणसे मोजली गेली. दहा वर्षांपूर्वी ती सव्वापाच लाखांच्या आत होती. इमारती भराभर उठल्या. भीमसेन जोशींच्या नावाचे रुग्णालय आणि लता मंगेशकरांच्या नावाचे नाट्यगृह झाले. भिंती लागतातच. पण कोनशिला बसवायला जिथे जागाच नसते, अशी कामे इथे उपाशी आहेत. एकच उदाहरण पुरे. इंडियन कॅन्सर सोसायटीने 1963 मध्ये मुंबईची कर्करोग नोंदणी सुरू केली, ती देशातली अशी पहिली. कोणत्या वस्तीत कोणता कॅन्सर किती आढळतो, हे वर्षानुवर्षे टिपत राहणारे ते कारकुनी वाटावे असे काम; पण तपासणीची शिबिरे कुठे घ्यायची आणि तंबाखूविरोधी मोहीम कुठे चालवायची, हे त्यावरून ठरते. त्या नोंदणीची हद्द बृहन्मुंबईची. दहिसरचा नाका ओलांडला की माणूस परळला उपचार घेतो, पण मुंबईच्या त्या कोष्टकात त्याची गणती होत नाही.

2013 च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करायला लावले आहे, आणि या शहरात बांधकामावर मोठे झालेले धनिकही कमी नाहीत. त्यांनी रुग्णवाहिका जरूर द्यावी. पण तिच्याबरोबर रोगनोंदणी ठेवणाऱ्या दोन माणसांचा दहा वर्षांचा पगार, परिचारिकांच्या प्रशिक्षणाची शिष्यवृत्ती आणि मिठागरांच्या इतिहासाची कागदपत्रे जमवणाऱ्या अभ्यासकाचा खर्चही उचलावा. आणि पहिल्याच दिवशी लिहून ठेवावे, की हे काम अमुक वर्षांनी महापालिकेकडे किंवा विद्यापीठाकडे सोपवले जाईल.